तांदळात लिहिलेलं नाव

आई मला जळकुकडी म्हणायची. लाडाने म्हणायची, पण म्हणायची. कुणाच्या बाळाला तिने कडेवर घेतलं की मी तिच्या निऱ्या धरून तिला खाली ओढायचे, आणि बाबांनी तिच्यासाठी काही आणलं की मला का नाही म्हणून दिवसभर गाल फुगवून बसायचे. आता माझी साठी कधीच उलटली. दवाखान्यातून निवृत्त झाले, नातवंडांसमोर शहाण्यासारखी वागते, पण तो गुण काही गेलेला नाही. परवाच इथे अमेरिकेत, श्रूजबरीच्या आमच्या गणपतीत एका बाईंच्या उकडीच्या मोदकांचं लोकांनी इतकं कौतुक केलं, की गाडीत बसल्यापासून घर येईपर्यंत मी नवऱ्याशी एक शब्द बोलले नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे सांगणार आहे त्यात मी काही चांगली दिसत नाही, आणि इतक्या उशिरा तशी दिसण्याची खटपटही करवत नाही.

तेव्हा आम्ही श्रूजबरीला नव्हतो, शेजारच्या वूस्टरला होतो. एकावर एक तीन बिऱ्हाडं असलेलं लाकडी घर, प्रत्येक मजल्याला मागे एक पोर्च आणि पोर्चवर कपडे वाळत घालायची दोरी. आम्ही तिसऱ्या मजल्यावर. मागच्या जिन्यात दोन वास एकमेकांना भेटायचे, खालून लोण्यात परतलेल्या कांद्या-कोबीचा आणि वरून हिंग-मोहरीच्या फोडणीचा. दुसऱ्या मजल्यावरचे भाडेकरू बहुधा या दोन्ही वासांना कंटाळून दरवर्षी बदलायचे. हिवाळ्यात रेडिएटर सकाळी पाच वाजता खडखडायला लागायचे, आणि त्या खडखडाटात आई उठून कणीक मळायला घ्यायची. बाबा ग्राइंडिंग व्हील बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर होते. संध्याकाळी घरी आले, की बुटांवरचा बर्फ झटकून, कोटसुद्धा न काढता खुर्चीत बसायचे आणि हाक मारायचे, "शैला, चहा!" त्यातला 'शै' ते जरा लांबवायचे. आई स्वयंपाकघरातून "आणते" म्हणायची. ही दोन वाक्यं म्हणजे माझ्या लेखी संध्याकाळ.

मी अकरा वर्षांची असताना आई गेली. त्याबद्दल इथे लिहीत नाही, दुसरीकडे लिहिलं आहे. इथे एवढंच सांगायचं, की त्यानंतर दोन वर्षं आमच्या घरात 'शैला' हा शब्द कुणी उच्चारला नाही. बाबा तिच्याबद्दल बोलायचेच नाहीत, आणि बोललेच तर 'तुझी आई' म्हणायचे. मी तर काय, आईला कुणी नावाने हाक मारतं का? ते नाव कुठेतरी आतल्या कपाटात, तिच्या साड्यांबरोबर घडी घालून ठेवल्यासारखं होतं. साड्यांचं कपाट मी अधूनमधून उघडायचे आणि वास घ्यायचे.

शाळा सुटल्यावर बाबा येईपर्यंत मला सांभाळायचं काम तळमजल्यावरच्या घरमालकिणीने आपणहून अंगावर घेतलं. ती पोलिश होती, म्हणजे तिचे आईवडील पोलंडहून आलेले, तिचा जन्म त्याच गल्लीतला. सगळी गल्ली तिला बाबची म्हणायची. त्यांच्यात आजीला तसं म्हणतात. बाबांचे मित्र पहिल्यांदा ऐकून विचारायचे, "बाबांची? बाबांची कोण?" बाबची रुंद, लालबुंद हातांची बाई होती. तिच्या स्वयंपाकघरात एका भिंतीवर येशूची आई आणि दुसऱ्या भिंतीवर मुकुट घातलेल्या एका पोरसवदा राणीचं चर्चच्या कॅलेंडरातून कापलेलं चित्र होतं. ती मला पावाला लोणी लावून वर साखर भुरभुरून द्यायची आणि बटाटे सोलता सोलता त्या राणीची गोष्ट सांगायची. रिक्सा तिचं नाव. पोलंडच्या राजाची एकुलती एक लेक. आई लहानपणीच गेली, मग वडिलांना मारलं, आणि बारा वर्षांच्या पोरीला परमुलखात पाठवलं, तिथल्या राजाची राणी होण्यासाठी. बाबची हे सगळं तुकड्या-तुकड्याने सांगायची, कधी पुढचं आधी आणि मागचं नंतर, आणि बटाटे संपले की गोष्टही थांबायची. पण मला त्यातलं हवं ते मिळालं होतं. आई नसलेली, दूर देशी आलेली, भाषा वेगळी असलेली पोर. हे माझ्याशिवाय दुसऱ्या कुणाबद्दल असणं शक्यच नव्हतं. बाबची मला 'क्रुलेव्ना' म्हणायची. त्यांच्या भाषेत राजकन्या. एकदा मी विचारलं, राणीला काय म्हणतात? ती म्हणाली, "क्रुलोवा." मग मी मनाशी ठरवून टाकलं, की आज ना उद्या ती मला क्रुलोवा म्हणणार.

बाबांनी पुन्हा लग्न करायचं ठरवलं तेव्हा मी तेरा वर्षांची होते. ठरवलं म्हणजे आमच्या ओळखीच्या सगळ्या काका-काकूंनी मिळून ठरवलं. मुलगी शिकागोला भावाकडे आलेली, मूळची नागपूरची, चोवीस वर्षांची, नाव कुमुद. बिजवराला द्यायची म्हणून तिच्या घरचे आधी नाराज होते म्हणे, मग बाबांचा फोटो पाहून तयार झाले. मला ही बातमी श्रूजबरीच्या डॉक्टरकाकूंनी सांगितली. त्यांच्या मोठ्या, गालिचा घातलेल्या घरात मला आइस्क्रीम देऊन सांगितली. "तू तिला मावशी म्हण, हं रंजू," त्या म्हणाल्या. "इट विल बी नाइस फॉर यू ऑल्सो." मी आइस्क्रीम संपवलं, थँक यू म्हटलं आणि मनात त्या न पाहिलेल्या कुमुदच्या नावाने बोटं मोडली.

लग्न डॉक्टरकाकूंच्याच बेसमेंटमध्ये झालं. पिंगपाँगचं टेबल भिंतीला उभं करून तिथे दोन पाट मांडले होते. भटजी म्हणून जोशीकाका, जे एरवी बाबांच्याच कारखान्यात धातूंच्या चाचण्या घ्यायचे. त्यांनी पोथीत पेन्सिलीने खुणा करून आणल्या होत्या. धूर होऊन अलार्म वाजू नये म्हणून होमात नावालाच चार काटक्या होत्या. पेढे रिकोटा चीजचे होते. नवरीने शिकागोच्या डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या भारतीय दुकानातून घेतलेली मोरपंखी साडी नेसली होती, आणि ती मला दिसायला वाईट असायला हवी होती, पण नव्हती. सावळी, लांब मानेची, डोळे मोठे. बाबांनी नवा सूट घातला होता. इस्त्री केलेल्या कॉलरमधून त्यांची मान अवघडून वर आलेली होती, आणि ते मधूनच तिच्याकडे पाहायचे. आईकडे ते असं पाहायचे का, हे मला आठवेना, आणि आठवत नाही याचा राग मी नवरीवर काढत होते.

सगळं झाल्यावर स्टीलच्या ताटात तांदूळ पसरून बाबांसमोर ठेवले. सुपरमार्केटातले लांबच लांब अमेरिकन तांदूळ. नवऱ्याने अंगठीने त्यात नवरीचं नवं नाव लिहायचं, ही आपल्याकडची रीत.

"हं, नाव," जोशीकाका म्हणाले. "काय ठरवलंय?"

"ठरवलं असं काही नाही," बाबा म्हणाले. "आहे तेच राहू दे की. कुमुद चांगलं आहे."

"अहो, ताट मांडलंय, अंगठी हातात आहे. पोथीत स्टेप दिलीय यार, मी ती स्किप कशी करू?"

लोक हसले. डॉक्टरकाकूंनी मागून बाबांच्या कानात काहीतरी सांगितलं. मला इन्व्हॉल्व्ह करा, असं सांगितलं असणार, कारण त्या काही दिवस हाच शब्द घोकत होत्या. बाबा माझ्याकडे वळले. दोन वर्षांत त्यांनी माझ्याकडे इतकं मऊ होऊन पाहिलं नव्हतं.

"रंजू, तूच सांग. तुला आवडेल ते नाव ठेवू."

मी म्हटलं, "शैला."

नवरीचा भाऊ काहीतरी बोलणार होता, त्याच्या बायकोने त्याचा कोपर दाबला. मग कुणीतरी नाक ओढलं, डॉक्टरकाकूंनी पदर डोळ्यांना लावला आणि त्या म्हणाल्या, "किती गं समजूतदार पोर." बाबांनी अंगठी तांदळात टेकवली. त्यांनी 'शै' लिहिलं, थांबले, मग 'ला'. काना ओढताना अंगठी ताटाच्या तळाला घासून कर्र असा आवाज झाला. सगळ्यांना वाटलं, की मी माझ्या आईची जागा तिला मोठ्या मनाने दिली. आणि मला कुणी खोटं पाडलं नाही, म्हणून मीही मान खाली घालून समजूतदार दिसत उभी राहिले.

खरं काय होतं ते आता लिहिते. मला तिला कुमुद म्हणून आमच्या घरात शिरू द्यायचं नव्हतं. माझा हिशोब सरळ होता. बाबा तिला हाक मारतील तेव्हा ती हाक आईलाच असेल. तिला दिवसातून पन्नास वेळा कळलं पाहिजे, की ही जागा तुझी नाही, तू इथे दुसऱ्या कुणाच्या नावावर राहतेस. कुणाची तरी उसनी, अंगाला न बसणारी साडी नेसून फिरावं तसं तिला जन्मभर वाटलं पाहिजे. तेरा वर्षांच्या पोरीला इतकं सुचतं का, असं माझी मुलगी विचारते. सुचतं. मला एका क्षणात सुचलं, आणि आयुष्यात पुढे इतकं झटकन मला काही सुचलेलं नाही.

माझी चूक मला दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी कळली. बाबा कारखान्यातून आले, खुर्चीत बसले. मग दोन वर्षांनी ती हाक आली, 'शै' जरासा लांबवून. "शैला, चहा!" मी माझ्या खोलीत भूमितीचं पुस्तक उघडून बसले होते. आणि स्वयंपाकघरातून नागपुरी हेलात उत्तर आलं, "आणून राहिली ना!"

मी आईचं नाव तिला जाच म्हणून दिलं होतं, आणि ती त्याला ओ देत होती. आता ते नाव घरात सारखं ऐकू यायचं, जिन्यात, फोनवर, पोर्चवरून, आणि प्रत्येक वेळी येणारी बाई वेगळी असायची. महिन्याभरात माझ्या कानांची अशी अवस्था झाली, की 'शैला' म्हटलं की डोळ्यांपुढे मोरपंखी साडी यायची. आईचा चेहरा आठवायला मला फोटो काढावा लागायचा. लग्नाच्या दाखल्यावर तेच नाव लागलं, पुढे ग्रीन कार्डावरही तेच. माझ्याच हाताने मी आईला घराबाहेर काढलं होतं, आणि याचा दोष अर्थातच मी तिला दिला.

मी तिला कशानेच हाक मारत नसे. मावशी नाही, काकू नाही. "ऐकलं का" म्हणायचे, किंवा समोर जाऊन उभी राहायचे. ती बोलली की मागे तिची नक्कल करायचे, "काय करून राहिली गं तू?" तिने आईच्या मिसळणाच्या डब्यातली मोहरी आणि जिरं यांच्या वाट्यांची अदलाबदल केली, तर मी रोज शाळेतून येऊन त्या परत पहिल्यासारख्या करायचे. ती काही न बोलता दुसऱ्या दिवशी पुन्हा बदलायची. एकदा तिने बाबांना सामान आणायला सांगितलं, "सांबार जास्त आणा, वड्या करायच्या आहेत." तिच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, हे बाबांना कुठलं माहीत! ते बॉस्टनजवळच्या भारतीय दुकानात जाऊन सांबार मसाल्याची तीन पाकिटं घेऊन आले. ती पाकिटं टेबलावर पाहून ती आधी गोंधळली, मग पदर तोंडाला लावून हसायला लागली, आणि बाबाही हसले. मोठ्याने, मान मागे टाकून. दोन वर्षं मी त्यांना हसवायला काय काय केलं होतं! रिपोर्ट कार्डं आणली, विनोद पाठ केले, पोळ्या लाटून भारताचा नकाशा दाखवला. ते नुसतं "छान" म्हणायचे. आणि ही बाई कोथिंबिरीचं नाव चुकीचं घेते आणि ते हसतात. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी म्हटलं, "इट्स नॉट इव्हन अ वर्ड!" आणि खोलीत जाऊन दार आपटलं.

बाबची तेवढी माझी उरली होती, असा माझा समज होता.

नाताळच्या आदल्या दिवशी शाळा लवकर सुटली. बर्फ पडून थांबला होता आणि मागच्या जिन्यावर कुणीतरी मीठ टाकलं होतं. मी नेहमीप्रमाणे वर न जाता तळमजल्याचं दार ढकललं, तर आत हसण्याचा आवाज. टेबलावर पीठ पसरलेलं, पातेल्यात बटाटा आणि ताज्या चीजचं सारण, आणि बाबचीच्या शेजारी, बाबचीचाच एप्रन बांधून, ती. दोघी पिरोगी करत होत्या. पिरोगी म्हणजे उकडून काढायच्या करंज्याच. मी दोन वर्षं ते शिकायचा प्रयत्न करत होते, पण माझ्या पिरोग्या पाण्यात पडल्या की फुटायच्या, म्हणून बाबची मला फक्त वाटीने पुरीचे गोल पाडू द्यायची. आणि हिने काठाला मुरड घातली होती. आपण दिवाळीत करंजीला घालतो ती बारीक, दोरीसारखी मुरड. कापडावर अशा चाळीस-पन्नास पिरोग्या ओळीने मांडलेल्या होत्या, एक फुटेल तर शपथ.

"बघ, बघ," बाबची मला इंग्रजीत म्हणाली, "माझ्या आईलासुद्धा असा काठ जमत नव्हता. कुमुद, पुन्हा दाखव."

कुमुद. मी दारातच उभी राहिले. आमच्या घरात वर जे नाव कुणीही घेत नव्हतं, ते इथे खाली राजरोस चालू होतं. किती दिवसांपासून, कोण जाणे. मी शाळेत असताना ती रोज दुपारी जिना उतरून इथे येत होती आणि कुमुद होत होती.

"तिला सांग," बाबची मला म्हणाली, "तिचं इंग्रजी अजून कच्चं आहे. तिला सांग, की भिंतीवरची ही आणि ती सारख्याच आहेत. परक्या देशात आली, राजा विधुर, आणि तिथल्या लोकांना रिक्सा हे नाव आवडलं नाही, ऐकायला विचित्र वाटलं, म्हणून मुकुट घालताना तिला दुसरंच नाव दिलं. एलिझाबेथ." आणि पिठाच्या हाताने तिने त्या बाईच्या गालावर टिचकी मारली. "क्रुलोवा."

माझ्या कानशिलात कुणीतरी मारल्यासारखं झालं. दोन वर्षं मी ज्या शब्दाची वाट पाहत होते, तो तिला मिळाला, कसलीही वाट न पाहता.

"ती क्रुलोवा?" मी म्हटलं. "मग मी कोण?"

बाबचीने जरा विचार केला. ती वाईट बाई नव्हती, पण गोष्ट मऊ करून सांगायची तिला सवय नव्हती. "तू राजाची मुलगी," ती म्हणाली. "सांगितलं नव्हतं का? राजाला पहिल्या बायकोची मुलगी होती. तिचंही नाव एलिझाबेथ. नव्या राणीला दिलं ते नाव आधीपासून तिचंच होतं."

"तिचं काय झालं?"

"तीही पुढे राणी झाली. पण हिच्याशी तिचं कधी जमलं नाही." बाबचीने खांदे उडवले. "लोक हिच्यावर जीव टाकायचे ना. ती जळायची."

म्हणजे दोन वर्षं मी गोष्टीतल्या चुकीच्या मुलीला मी समजत होते. बाबचीच्या स्वयंपाकघरात एक पाय दारात आणि एक आत, अशी उभी असताना मला ते कळलं, आणि माझ्या तोंडातून मराठीत, ओरडून निघालं, "मी ते नाव मुद्दाम दिलं! तुम्हाला त्रास व्हावा म्हणून दिलं. मला काही तुम्ही आवडला नव्हतात. सगळे म्हणाले समजूतदार, पण मी समजूतदार नव्हते!"

बाबचीला शब्द कळले नाहीत. तिने बर्नर बारीक केला. बाबांच्या बायकोने मात्र हातातल्या पिरोगीची मुरड शेवटपर्यंत नीट घातली, ती कापडावर ठेवली, आणि मग माझ्याकडे पाहिलं.

"ठाऊक आहे मला," ती म्हणाली.

"कसं?"

"नाव सांगताना सगळे तुझ्या बाबांकडे पाहून राहिले होते. तू माझ्याकडे पाहत होतीस."

"मग बोलला का नाहीत? नको म्हणायचं होतं!"

"काय म्हणू? एवढ्या लोकांत, तुझ्या आईचं नाव मला नको, असं म्हणू?" तिचा आवाज आता थोडा चढला. रागावलेली मी तिला तेव्हा पहिल्यांदा पाहिली. "मला काय आवडलं असेल का ते? माझ्या आईने ठेवलेलं नाव होतं माझं. रोज सकाळी उठून मी स्वतःला सांगते, शैला म्हटलं की तू उठायचं. तरी दोन-दोनदा हाक मारावी लागते. ह्यांना वाटते मला कमी ऐकू येते." मग डोळे पुसायला तिने हात वर केला आणि कपाळभर पीठ लागलं. "खाली येते तेवढाच वेळ मी मी असते. तेवढं तरी राहू दे."

बाबची उठली. तिने कपाटातून मैद्याचा पातळ पांढरा पापुद्रा काढला, त्यांच्या नाताळातला, ज्याचा एक एक तुकडा मोडून एकमेकांना द्यायचा असतो आणि वर्षभराचं भांडण मिटवायचं असतं. खरं म्हणजे तो संध्याकाळी पहिला तारा दिसल्यावर मोडायचा, पण बाबचीने आकाशाकडे न पाहता तो आम्हा दोघींच्या हातांत एकेक टोक देऊन धरायला लावला.

"तिळगूळच की हा," मावशी मला मराठीत म्हणाली.

तो पापुद्रा मोडला, आम्ही खाल्ला, तो कागदासारखा लागला. माफी मी मागितली नाही. पण त्या दिवसापासून मी मोहरीची वाटी जागची हलवली नाही.

"मग पुढे कोणतं नाव राहिलं तिचं?" मी भाषांतर केलंच नव्हतं, पण तिला तेवढं समजलं होतं; तिने मोडक्या इंग्रजीत बाबचीला विचारलं. "त्या राणीचं?"

"अगं, जुनंच," बाबची म्हणाली. "मुकुटावर एलिझाबेथ, पण लोक तिला रेय्च्का म्हणायला लागले. म्हणजे छोटी रिक्सा. आजही तिथले लोक तिला तसंच ओळखतात."

पुढे मी लायब्ररीतून पुस्तकं काढून हे पडताळून पाहिलं, कारण जळक्या माणसाचा कुणावर विश्वास नसतो. ते खरं निघालं. बाबचीने राणीचा दुसरा नवरा सांगितला नव्हता, आणि त्यानंतर ती ज्या सरदाराबरोबर लग्नाशिवाय राहिली, त्याला तर तिने पार गाळलं होतं.

सहा वर्षं गेली. आम्ही श्रूजबरीला स्वतःच्या घरात आलो, बाबची देवाघरी गेली, मी कॉलेजात होते. घरात शैलाच चालू होतं. मी तिला मावशी म्हणायला लागले होते, तेही अडखळत, आणि बाबांपाशी त्या दिवसाबद्दल आम्ही दोघीही कधी बोललो नाही. मी सुट्टीत घरी आले असताना तिचा नागरिकत्वाचा अर्ज आला. माझं अक्षर चांगलं म्हणून मी भरायला बसले. ती शेजारी शेंगा सोलत होती. एका ठिकाणी प्रश्न होता, नाव बदलायचं आहे का? बदलायचं असल्यास नवं नाव लिहा. मी पेन थांबवलं. तिने वाकून पाहिलं. तिचं इंग्रजी आता पक्कं होतं.

"काय लिहू?" मी विचारलं.

"तू सांग," ती म्हणाली. "मागच्या खेपेलाही तूच सांगितलं होतं."

ती थट्टा करत होती की नाही, हे मला आजही माहीत नाही. चेहरा सरळ होता. मला क्षणभर वाटलं, नको, राहू दे. इतक्या वर्षांची सवय झालेली. खरं सांगू? मला वाटलं, आता हिला तिचं नावही परत मिळणार, म्हणजे बाबाही, घरही, नावही, सगळंच हिचं. मग मी मोठ्या अक्षरांत 'कुमुद' लिहिलं. तिने शेंगांचा हात पदराला पुसला आणि त्या शब्दावरून एक बोट फिरवलं, शाई वाळायच्या आत, त्यामुळे शेवटचं अक्षर थोडं फिसकटलं.

शपथ घेतली त्या दिवशी मी ड्राइव्ह करून त्यांना कोर्टात नेलं. जज्जने तिचं नाव वाचताना कुमुदचं कुमूड केलं, तरी ती फुललेली दिसत होती. घरी येऊन बाबा कोटासकट खुर्चीत बसले. मी आणि ती स्वयंपाकघरात होतो. गॅसवर आधण उकळत होतं.

"शैला, चहा!"

ती चहाचा डबा हातात घेऊन उभी राहिली. ओ दिली नाही.

"शैला?"

तिने माझ्याकडे पाहिलं. मी आधणाकडे पाहिलं. बाहेर खुर्ची करकरली. मग बाबांचा आवाज आला, जरा चाचपडत, पहिलं अक्षर लांबवून.

"कुमुद, चहा."

"आणून राहिली ना!" ती म्हणाली. तिने चहा गाळला, दोन कप बशांवर ठेवले आणि बाहेर गेली. बाहेर दोघं हसले. त्या हसण्याने मला त्या दिवशीही टोचलं, नाही कशाला म्हणू.

मी मिसळणाच्या डब्यापाशी एकटी राहिले होते. आईला नावाने हाक मारायची नसते, मी कधी मारली नव्हती. त्या दिवशी मारली, बाहेर ऐकू जाणार नाही अशा आवाजात, 'शै' बाबांसारखा लांबवून. "शैला."

कुणी ओ दिली नाही.